एकमेकांना कापणारी मतं

६ जानेवारी

प्रिय मामा,

तुझी अट पाळते आहे. फोनवर हे काम पाच मिनिटांत झालं असतं, पण तू म्हणणार, "पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता मला यायला नकोत का?" म्हणून हे पत्र, आणि सोबत माझ्या ऑफिसचा एक कागद.

आमची संस्था मतदानाची पाहणी करते हे तुला ठाऊक आहे. (मामी अजून लोकांना सांगते की मी सरकारची गणितं सोडवते.) सध्याचं काम असं: कोणत्या वस्तीत कोणत्या वयाची माणसं राहतात, घरमालक किती, भाडेकरू किती, कामधंदा काय, आणि त्यातली मतदानाला किती येतात, कोणाकडे झुकतात, याचं तुमच्या शहरभराचं कोष्टक करायचं. त्यावरून निवडणूक कार्यालय ठरवणार की कोणती मतदान केंद्रं ठेवायची आणि कोणती शेजारच्या केंद्रात मिसळायची. नियम सरळ आहे. सलग दोन निवडणुकांत यादीतल्या निम्म्यापेक्षा कमी लोकांनी मत दिलं, की केंद्र बंद.

आपली गल्ली मागच्या वेळी नापास झाली. यादीत ४१२ नावं, मतदान १६९, म्हणजे एक्केचाळीस टक्के. मेमध्ये पुन्हा तसंच झालं तर बालवाडीतलं केंद्र जाईल आणि गल्लीची मतं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत होतील. अंतर सातशे मीटर. म्हणजे फार काही नाही.

मला कळत नाही ती एकच गोष्ट. वीस ते चाळीस वयाची १०४ नावं आहेत आणि त्यातली फक्त सात माणसं मतदानाला आली. म्हाताऱ्यांचं मतदान उत्तम आहे. अहवालात मी "तरुण वर्ग उदासीन" असं लिहिलंय. एवढी उदासीनता कशामुळे, ते तू गल्लीत राहून सांगू शकशील का? ही गल्ली माझी आहे हे मी साहेबांना सांगितलं आहे. ते म्हणाले, बरंच झालं, तिथलं खरं काय ते तरी कळेल.

मामीचे पाय कसे आहेत?

तुझी चिंगी


१३ जानेवारी

चिंगे,

पत्र मिळालं. पाकिटावर घर क्रमांक एकोणीसचा एकवीस केला आहेस. नवा पोस्टमन पोरगेला असूनही हुशार निघाला म्हणून पोचलं. स्वतःचं घर विसरलीस आणि आमच्या उदासीनतेची चौकशी करतेस! याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

आता तुझ्या १०४ तरुणांबद्दल. मी कागद घेऊन ओट्यावर बसलो आणि एकेक घर आठवत गेलो. पस्तीस वर्षं या गल्लीत टपाल टाकलंय, मला यादी लागत नाही. चिंगे, ती माणसं उदासीन नाहीत. ती इथे नाहीतच. काचकारखाना बंद पडला त्याला चौदा वर्षं झाली. कारखान्यातल्यांची मुलं शिकली, पांगली. तुला गल्लीत पंचविशीतला माणूस पाहायचा असेल तर वरच्या माडीवरचे भाडेकरू पाहावे लागतील, आणि त्यांची नावं यादीत नाहीत. जे आहेत ते कागदावर नाहीत आणि जे कागदावर आहेत ते इथे नाहीत, अशी गंमत आहे. शिवाय बाटल्या तपासणारा दादा, त्याची बायको, घर तीनमधली आजी ही मंडळी तर वर जाऊन बसली आहेत, तरी तुझ्या लेखी ती मतदान चुकवतातच.

दुसरं, सातशे मीटर. हे तू कुठून मोजलंस? हमरस्त्यावरचा पूल धरलास का? पुलाला चव्वेचाळीस पायऱ्या चढायला आणि चव्वेचाळीस उतरायला आहेत.

मामीच्या पायांचं विचारलंस म्हणून सांगतो. ती आता गल्लीच्या टोकापर्यंत जाते, तेही तीन बैठका घेऊन. पहिली कुलूपवाल्याच्या पायरीवर, दुसरी टाकीच्या कट्ट्यावर, तिसरी बंद छापखान्याच्या जिन्यावर. मग बालवाडी. त्यापुढे गेली सहा वर्षं तिचं पाऊल पडलेलं नाही. मतदानाच्या दिवशी ती सकाळी सातला तयार होऊन बसते.

आणि कोणाला मत देते? माझ्या विरुद्ध. लग्न झाल्यापासून, म्हणजे त्रेचाळीस वर्षं. माझा पक्ष तुला ठाऊक आहे, तिचाही. आमची दोन मतं एकमेकांना कापतात आणि खाली राहतं शून्य. तेवढ्यासाठी आम्ही दोघं बरोबर जातो आणि बरोबर येतो. फक्त एकदा, माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, ती एकटी गेली. परत आली ती शिवणयंत्रावर बसत म्हणाली, "आज तुमचा एका मताने पराभव झाला." ते मी अजून ऐकतोय.

तुमच्या नियमाने केंद्र पुलापलीकडे गेलं, तर मी कसाबसा जाईन. ती जाणार नाही. म्हणजे या उतारवयात मी दर वेळी जिंकणार, तेही ती घरी बसली म्हणून. असलं जिंकणं मला नको. काय करता येईल ते लिही. नियम मला नको सांगूस, वाट सांग.

मामा


२० जानेवारी

प्रिय मामा,

नियम बदलता येत नाही. माझ्या हातात तो नाहीच. पण यादी बदलता येते, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

टक्केवारी काढताना खाली यादीतली नावं असतात. खालचा आकडा फुगलेला आहे म्हणून वरचा लहान दिसतो. वारलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी झाली, तर तेवढ्याच मतांत गल्ली पास होईल. वारलेल्या माणसासाठी घरातल्या कोणाची सही आणि दाखला लागतो. बाहेर गेलेल्यासाठी त्या माणसाचीच सही हवी, टपालाने आली तरी चालते. अर्जावर यादीतला क्रमांक नीट घालायचा, कारण कार्यालयात क्रमांकावरच काम चालतं. शेवटची तारीख ३१ मार्च.

दुसरी वाट भाडेकरूंची. सहा महिने राहिल्याचा पुरावा असला की नाव नोंदता येतं. पण मामा, एक आधीच सांगते, कारण नंतर म्हणशील की चिंगीने फसवलं. शहरभराच्या आमच्या आकड्यांत गोदामांत आणि दवाखान्यांत काम करणारे तरुण भाडेकरू तुझ्या पक्षाकडे झुकत नाहीत. मामीच्या पक्षाकडे झुकतात. ते यादीत आले तर केंद्र वाचेल, पण गल्ली तुझ्या पक्षाची राहणार नाही.

तुमच्या दोघांच्या मतांचं वाचून मी हसले आणि मग कोष्टक उघडलं. आम्ही प्रत्येक घराला एक झुकाव देतो. घर एकोणीसला तुझा दिला आहे. मामीला त्यात जागा नाही. ती पद्धतच तशी आहे, माझी एकटीची चूक नाही.

या कामात माझं नाव कुठे घेऊ नकोस. मी पाहणी करणारी. कोणाच्या बाजूने उभं राहणं माझ्या कामात बसत नाही.

चिंगी


१८ फेब्रुवारी

चिंगे,

महिनाभर लिहिलं नाही, कारण पुन्हा नोकरीला लागल्यासारखा झालोय. जुनी खांद्यावरची पिशवी काढली, तीत तू सांगितलेले अर्ज भरले आणि दारोदार फिरतोय.

वाटलं होतं वारलेल्यांचं अवघड जाईल. तसं झालं नाही. कुलूपवाल्याने भावाचा अर्ज उभ्या उभ्या भरला आणि वर म्हणाला, "बरं झालं, नऊ वर्षं फुकट मतदार होता." छत्तीस माणसं मी चार दिवसांत यादीतून मोकळी केली. अडलं ते जिवंत माणसांपाशी.

घर सातमधल्या चष्मेवाल्या बाईंनी मला पाणी दिलं, बसवलं, आणि अर्ज पाहिल्यावर उठून दार उघडून धरलं. म्हणाल्या, "मुलगा परत आला आणि त्याला कोणी विचारलं, तू इथला कशावरून, तर मी काय दाखवू?" मुलगा बारा वर्षांत दोनदा आलाय. घर चौदात दोन्ही मुलींची नावं आहेत. बाप म्हणतो, लग्नं झाली म्हणून काय नावं खोडायची? घरोघरी मातीच्या चुली. एका घरात तर मतदान-चिठ्ठ्या फोटोमागे खोचून ठेवल्यात, दर निवडणुकीच्या. कार्यालयातून मुलाच्या नावाने काहीतरी येतं, एवढंच त्यांना हवं असतं. टपालखात्यात इतकी वर्षं काढून हे मला कळायला हवं होतं.

मग मी मार्ग बदलला. आईबापांना विचारणं सोडलं आणि थेट मुलांना लिहिलं. शहाण्णव पत्रं. पत्ते मला तोंडपाठ, घरून त्यांना जाणारी पार्सलं मीच पोस्टात नेऊन द्यायचो. एकाहत्तर अर्ज सही होऊन आले. चष्मेवालीच्या मुलाचाही आला, सोबत ओळ होती: "आईला सांगू नका." मी सांगितलेलं नाही.

दुसरीकडे तुझी मामी. तिचे पाय चालत नाहीत, पण बाकी सगळं जोरात आहे. गोदामातली पोरं पँट आखूड करायला येतात. ही माप घेता घेता विचारते, "नाव घातलंस का यादीत?" नाही म्हटलं की आधी अर्ज, मग पँट. एकाला म्हणाली, "सही केलीस तर उद्या मिळेल, नाही तर पुढच्या आठवड्यात." घरातच विरोधी पक्षाचं कार्यालय उघडलंय आणि चहा मी करतोय. मी म्हटलं, ही सगळी मतं तुझ्याकडे जाणार. तर म्हणते, "तुमच्याकडे जाणारी असती तरी नोंदवली असती. पण बरंय की नाहीत."

परवा बालवाडीच्या दारावर कच्ची यादी लागली. मामीची पहिली शिकार तीत आली आहे, शेजारच्या माडीवरची परिचारिका. घर अठरा, म्हणजे बरोबर आपल्या वर नाव लागलंय. पोरीने ते मामीला दाखवायला फोटो काढून आणला.

आता खरं काम. चौदा क्रमांकाच्या बापाने काल मला विचारलं, "सगळ्यांची काढता आहात, तुमच्या घरचं काय?" मी म्हटलं, आमचं काय. आणि जीभ चावली. चिंगे, आपल्या घरी तीन नावं आहेत. मी, मामी आणि तू. तू नोकरीला गेलीस त्या वर्षी मला म्हणाली होतीस, माझं नाव काढून टाक. मी हो म्हटलं होतं. काढलं नाही. का, ते लिहीत बसत नाही. चष्मेवालीला शिकवायला गेलो होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुझा अर्ज सोबत आहे. दारावरच्या यादीतून पाहून क्रमांक पेन्सिलीने घातला आहे, २१३. सही करून पाठव. नाही पाठवलास तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण ते बरोबर दिसणार नाही.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र येऊन महिना झाला. कामात होते, हे खोटं नाही, पण कारण ते नव्हे.

आमच्या कोष्टकात नावं नसतात, फक्त घर, वय आणि आला की नाही आला. नावांची यादी वेगळ्या कपाटात असते. ती मी उघडली. घर एकोणीस, स्त्री, वय ३३, सलग चार निवडणुकांत गैरहजर. त्या १०४ जणांत मी आहे. "तरुण वर्ग उदासीन" हे मी माझ्याबद्दल लिहिलं आणि दोनदा तपासून पाठवलं.

आणखी एक. इथे मी अकरा वर्षं राहते. या शहरातही माझं नाव नाही. एकदा अर्ज केला होता, तेव्हा "आधीच्या ठिकाणचं नाव कमी झाल्याचं पत्र आणा" असं उत्तर आलं. मला वाटलं तू नाव काढलं आहेस, त्यांचीच काहीतरी गडबड असेल. मग ते राहून गेलं. मामा, मी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. रोज आठ तास लोक मत का देत नाहीत हे मोजते. काखेत कळसा म्हणतात तो हाच असावा. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

तुझ्यावर चिडले होते. आता चिडलेली नाही. तू नाव काढलं नाहीस हे वाचल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं होतं, आणि त्याचाच राग आला होता.

अर्ज सही करून आज थेट निवडणूक कार्यालयात पाठवला आहे, कारण नऊच दिवस उरलेत. क्रमांक तू २१३ घातला होतास, आमच्या ऑफिसच्या यादीत मी २१२ आहे. तेवढं खोडून दुरुस्त केलं. चष्म्याचा नंबर तपासून घे.

या पत्रात आकडे नाहीत असं होऊ नये म्हणून: छत्तीस आणि एकाहत्तर गेले, मी धरून एकशे आठ. तुमची मतं घटली नाहीत, तर गल्ली पास आहे.

चिंगी


१४ मे

चिंगे,

केंद्र वाचलं. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

यादीत शेवटी ३३८ नावं होती, मामीचे चौतीस भाडेकरू धरून. मतदान १९६. बालवाडीतल्या बाईंनीच संध्याकाळी मला आकडा सांगितला. अठ्ठावन्न टक्के म्हणजे दुसरा वर्ग, पण पास झाली गल्ली.

आता सकाळचं. सातला निघालो. मामीने स्वतः शिवलेला नवा कोट घातला होता. कुलूपवाल्याने पायरी धुऊन ठेवली होती. टाकीच्या कट्ट्यावर गोदामातली चार पोरं बसली होती, ती उठून उभी राहिली. छापखान्याच्या जिन्यावर ती जरा जास्त वेळ बसली. मी म्हटलं, परत जाऊया का? म्हणाली, "तुम्हाला सोपं जाईल, म्हणून?" आणि उठली.

खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्च्या भिंतीशी रचलेल्या होत्या. तिथल्या बाईंनी तिचं नाव यादीत शोधलं, पट्टी ठेवली आणि थांबल्या. नावावर आडवी रेघ होती. बाजूला लिहिलं होतं: "स्थलांतरित."

बाई म्हणाल्या, "तुम्ही इथे राहत नाही असं दिसतंय."

मामी म्हणाली, "मग कुठे राहते ते तरी लिहिलंय का?"

बाईंनी निवडणूक कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, अर्ज आलेला आहे, सही आहे, क्रमांक बरोबर आहे, आज काही करता येणार नाही. तुझं नाव मात्र खाली जसंच्या तसं होतं, रेघ ना डाग. जिने सहा वर्षांत बालवाडी ओलांडली नाही ती गाव सोडून गेली, आणि जी अकरा वर्षांपूर्वी गेली ती घरात. एवढे अर्ज एकदम गेल्यावर त्या कार्यालयातल्या कोणीतरी घोळ घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अर्जांची पिशवी घेऊन मी गल्लीभर फिरलो नसतो, तर तिचं नाव जागेवर राहिलं असतं. फार वाईट वाटलं, चिंगे. तिच्यासाठी केलेलं सगळं तिलाच नडलं.

ती एका बुटक्या खुर्चीत बसली. मला म्हणाली, "जा. रांग खोळंबलीय. आणि तुमचंच द्या, माझ्यावर उपकार करायला जाऊ नका."

मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. जरा वेळ लागला. बाहेरून बाई दोनदा खाकरल्या. कोणाला दिलं ते लिहीत नाही. पत्रं वाटेत उघडली जातात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

मग आम्ही परत निघालो. छापखान्याच्या जिन्यावर बसलो तेव्हा म्हणाली, "जिंकलात एकदाचे." मी म्हटलं, "हो."

निवडणूक कार्यालयाला कडक पत्र लिहितोय. घोळ कोणाचा ते शोधून काढ. तुझी ओळख असेल.

मामा


२१ मे

प्रिय मामा, आणि मामी, हे तुलाही,

कडक पत्र पाठवलं असशील तर परत मागव. घोळ माझा आहे.

आमच्या ऑफिसची यादी मागच्या निवडणुकीची होती. तीत मामी २११ आणि मी २१२. तू क्रमांक नव्या यादीतून घेतला होतास. मध्ये घर अठरामध्ये परिचारिकेचं नाव आलं, तेव्हा आपण सगळे एकेक खाली सरकलो. (कमी केलेल्या नावांवर नुसती रेघ मारतात, त्यांनी क्रमांक हलत नाहीत.) मी २१३ झाले आणि २१२ वर मामी आली. तू बरोबर लिहिलं होतंस. मी माझ्या जुन्या कागदावर विश्वास ठेवला आणि दारावर पाहून आलेल्या माणसाचा आकडा खोडला. कार्यालयात क्रमांकावरच काम चालतं, हे मीच तुला जानेवारीत कळवलं होतं.

मामी, तू तीन बैठका घेऊन गेलीस आणि मी तुला एका आकड्याने परत पाठवलं. माफ कर असं लिहायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. मामाचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आमच्याकडे असं कोणी करत नाही.

त्या दिवशी मीही इथे मत दिलं नाही, कारण माझं नाव अजून तिथेच आहे. म्हणजे घर एकोणीसमधल्या तीन मतांपैकी एकच पडलं.

खोलीचा निकाल माझ्याकडे आलाय. मामा, तुझ्या पक्षाला ८७, मामीच्या पक्षाला १०९. साहेब म्हणाले, गल्लीचा झुकाव बदलला, लिही. लिहिलं. "तरुण वर्ग उदासीन" खोडलं, त्याजागी "यादी चुकीची" असं लिहिलं. ते म्हणाले, हा काही निष्कर्ष नव्हे. मी तसंच ठेवलं.

मग मी तुझ्या एका मताचा अंदाज बांधायला बसले. वय ७३, निवृत्त पोस्टमन, घरमालक, त्रेचाळीस वर्षं एकच पक्ष. कोष्टक म्हणतं की शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा हा माणूस बदलत नाही. मी कागद उलटा करून ठेवला. तू सांगू नकोस.

तुमची चिंगी


२ जून

चिंगे,

हे पत्र मी लिहितेय. हे टपालकचेरीत गेलेत, कडक पत्र परत मागायला. तिथे जुने सोबती भेटतील, म्हणजे दुपारपर्यंत निवांत आहे.

रडू नकोस. माप चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, त्यात एवढं काय? मी नव्याने अर्ज भरला आहे. त्यात एक रकाना आहे, "प्रथमच मतदार आहात का?" सत्तराव्या वर्षी तिथे खूण करताना हसू आलं. "आधीचा पत्ता" पुढे लिहिलं: हाच. तुझाही नाव कमी करण्याचा अर्ज सोबत पाठवते. सही कर आणि मला परत पाठव. क्रमांक तू घालू नकोस. तो परिचारिका दारावर पाहून घालेल.

पुढच्या वेळी तू तिकडे जाऊन मत देशील. मला कळवायचं, पण कोणाला दिलं ते नाही.

आता ह्यांचं. ह्यांनी कोणाला दिलं ते मला ठाऊक आहे. बाहेर आले ते आधी चष्मा काढून पुसायला लागले, आणि काचा स्वच्छ होत्या. जिन्यावर मी म्हटलं, जिंकलात, तर "हो" म्हणाले आणि पुन्हा पुसला. त्रेचाळीस वर्षांत त्या माणसाला एकदाही जिंकून गप्प बसता आलेलं नाही.

आणि खरं सांगू, ते तोंड मी आधी पाहिलंय, माझंच. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी एकटी गेले होते. हे डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडलेले. पुठ्ठ्यामागे उभी राहिले आणि माझं मत देववेना. ह्यांचं दिलं. घरी येऊन ओवलेली सुई पुन्हा ओवायला बसले, आणि हे काही विचारायच्या आत म्हणून टाकलं, तुमचा पराभव झाला. ह्यांना खरं वाटलं. अजून वाटतं. चारचौघांत सांगतात, एकदा हिने मला हरवलं होतं.

ह्यांना यातलं काही सांगू नकोस. माझं ते जिंकणं ह्यांनी इतकी वर्षं सांभाळलंय, आता ह्यांचं मी सांभाळते.

तुझी मामी